‘जाहिरात’ म्हणा की! मराठी रीलवाल्यांना एक खुलं पत्र

मराठीतून रील, व्हिडिओ, स्टोऱ्या करणाऱ्या सगळ्या भावा-बहिणींना,

सोलापूरहून नमस्कार.

मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते. दुकान छोटं आहे. मी, नवरा आणि कामाला चार बायका. निम्मा माल गिऱ्हाईक इथं येऊन नेतं, निम्मा कुरियरनं पुण्या-मुंबईला जातो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी रोज बघते. रात्री भाकरीची पाकिटं सील करताना फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला असतो आणि तुमची बडबड चालू असते. तुमच्यावर खार खाऊन मी लिहीत नाहीये. रोजची प्रेक्षक आहे.

निमित्त सांगते. गेल्या महिन्यात एका क्रिएटरच्या मॅनेजरचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. सोबत रेटकार्ड. रीलचे इतके, स्टोरीचे इतके, तीन स्टोऱ्या घेतल्या तर चौथी फुकट. मला दर खटकला नाही. मी एवढंच विचारलं, “रीलवर जाहिरात असं लिहाल ना?” मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं: “ताई, जाहिरात लिहिलं की लोक स्किप करतात. आपण ऑरगॅनिक ठेवू. दादा म्हणतील की सोलापुरात सहज फिरत होतो आणि हे दुकान दिसलं.”

सहज फिरत होतो म्हणे. निम्मे पैसे आगाऊ. (आणि ऑरगॅनिक! हा शब्द आमच्याकडं गुळाला लावतात.)

मी नको म्हणून कळवलं. पण लगेच मला शहाणी ठरवू नका, कारण याच कामासाठी मी आधी एकदा पैसे मोजलेले आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. धंदा मंदावला होता, शेजारच्या गल्लीतल्या दुकानाची रील गाजली होती. मी एकाला बोलावलं. पोरगा चांगला होता, नम्र होता, आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडला. आत येऊन त्यानं कांडप मशीन बघितलं आणि त्याचं तोंड पडलं.

आता कांडप काय ते सांगते. शेंगदाणे खरपूस भाजायचे, सालं पाखडून काढायची, मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून कांडपात टाकायचं. लोखंडी मुसळं वरखाली आपटत राहतात. हळूहळू दाण्याला तेल सुटतं आणि भुगा असलेली चटणी गोळा धरायला लागते. मिक्सरला हे जमत नाही. मिक्सर दाणे चिरतो आणि हाती येतं ते कूट. उखळात जे हातानं होतं तेच कांडपात मोटरनं होतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दिवसाला वीस-पंचवीस किलो चटणी कुठली बाई हातानं कुटेल?

पण तो म्हणाला, “काकू, मशीन फ्रेममध्ये नको. उखळ नाही का कुणाकडं? आजी कुटतायत असं काहीतरी.” मग नणंदेकडचं दगडी उखळ रिक्षात घालून आणलं. सासूबाईंना पेटीतलं इरकल काढून नेसायला लावलं. कांडपातली तयार चटणी उखळात ओतली आणि पंच्याहत्तर वर्षांच्या बाईनं ती मुसळानं परत कुटल्यासारखं केलं. पहिल्या घासाचे चार टेक झाले. तिसऱ्याला त्याला तिखटाचा ठसका लागला, तो कापला. चौथ्याला डोळे मिटून म्हणाला, “एक नंबर! आजीची आठवण आली.” शूट संपल्यावर त्याला अर्धा किलोचं पाकीट दिलं. ते तो काउंटरवरच विसरून गेला.

रील चालली. तीन आठवडे फोन थांबत नव्हता. मग एका रविवारी अक्कलकोटला निघालेलं पुण्याचं एक कुटुंब वाट वाकडी करून दुकानात आलं. आजी, आजोबा आणि सात-आठ वर्षांची नात. आजी म्हणाल्या, “ते उखळ दाखवता का हिला? त्यासाठीच आलोय.” मी म्हटलं, धुवायला काढलंय. मागं कांडप धडाधडा चालू होतं. पोरगी त्याच्याकडं बघत होती आणि मी पोरगीकडं. चटणी त्यांनी दोन किलो नेली. ते पैसे गल्ल्यात टाकताना मला जे वाटलं ते अजून जात नाही.

त्या रीलवर ‘जाहिरात’ हा शब्द कुठंच नव्हता. मी मागितला नाही, त्यानं लिहिला नाही. पुढं जी गाऱ्हाणी मांडणार आहे त्यातला अर्धा वाटा माझा आहे, हे कबूल.

पहिलं गाऱ्हाणं भाषेचं, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

सासूबाई सातवी शिकलेल्या. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, इंग्रजीतलं फक्त बसवरचं ‘एमएच’ ओळखतात. त्यांना शुगर आहे, चौदा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात त्या रोज एका मुलीच्या रील बघायच्या. ती आमच्याच बाजूचं बोलते, “काय करालीस गं” वगैरे, म्हणून सासूबाई तिला ‘आपली पोरगी’ म्हणायच्या. त्या पोरीनं एक पावडर दाखवली. म्हणाली, माझ्या आईची शुगर यानं नॉर्मल आली. सासूबाईंनी नातवाकडून मागवली. पावडर घेतली ते घेतली, वर आपल्याच मनानं गोळ्या निम्म्या केल्या. पंधरा दिवसांनी चक्कर येऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसल्या. शुगर तीनशेच्या वर. डॉक्टरांनी मला झापलं, आणि बरोबरच झापलं.

घरी आल्यावर मी ती रील काढून बघितली. खाली ‘आणखी’वर बोट लावलं, मजकूर उलगडला, आणि बावीस हॅशटॅगांच्या शेवटी, रोमन लिपीत, एक शब्द सापडला: कोलॅब. सासूबाईंना दाखवला. म्हणाल्या, “हे काय असतं?” मी म्हटलं, पैसे घेतलेत तिनं. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग तसं म्हणायचं की.”

आता कायदा. माझी भाची सीए करते, तिनं मला एकेक कागद काढून दिला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. जून २०२२मध्ये त्यांनी फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानंतर २० जानेवारी २०२३ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं खास तुमच्यासारख्यांसाठी सोप्या भाषेत पुस्तिका काढली. त्यात जाहिरात, प्रायोजित, कोलॅबरेशन, पेड प्रमोशन असे शब्द चालतील असं म्हटलंय. म्हणजे ‘कोलॅबरेशन’ला मनाई नाही, तुमची बाजूही सांगते. पण त्याच कागदात असंही आहे की हा खुलासा ज्या भाषेत शिफारस करता त्याच भाषेत पाहिजे, हॅशटॅगांच्या आणि लिंकांच्या गर्दीत मिसळायचा नाही, चुकवू म्हटलं तरी चुकणार नाही असा दिसला पाहिजे. व्हिडिओ असेल तर खालच्या मजकुरात टाकून भागत नाही, व्हिडिओतच दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ.

त्याच भाषेत. तुम्ही “नमस्कार मंडळी” मराठीत म्हणता, “लगेच ऑर्डर करा” मराठीत म्हणता, कूपन कोड तर दोनदा फोड करून सांगता. फक्त पैशाचा विषय आला की इंग्रजी आठवतं, आणि तेही मुकं. ‘जाहिरात’ हा काही संस्कृत पंडितांनी पाडलेला शब्द नाही. झेडपीच्या शाळेतल्या चौथीच्या पोराला कळतो. मराठी पेपरात बातमीसारखी छापलेली जाहिरात असली तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात का होईना तो शब्द असतो, आणि सासूबाई तो कोपरा बघूनच पान उलटतात. म्हणजे त्यांना फसायची हौस नव्हती. ओळखायची खूण त्यांना दिलीच नव्हती.

दुसरं, “पैसे कुठं घेतले, नुसतं गिफ्ट आलं होतं.” हे तुमच्यातले लहान क्रिएटर जास्त म्हणतात. याला ते बार्टर म्हणतात, म्हणजे पैशाऐवजी वस्तू. पण त्या नियमांत फुकटची वस्तू, सवलत, सहल, बक्षीस, अगदी त्या कंपनीत नातेवाईक किंवा नोकरी असणं, सगळं सांगावं लागतं. आणि एक गंमत भाचीनं दाखवली. जुलै २०२२पासून आयकरात १९४आर नावाचं कलम लागू झालं. धंद्याच्या निमित्तानं कुणाला वर्षाला वीस हजारांच्या वर लाभ दिला तर देणाऱ्यानं दहा टक्के टीडीएस कापायचा. त्याचं स्पष्टीकरण देताना प्रत्यक्ष कर मंडळानं उदाहरण घेतलं ते सोशल मीडियावाल्यांचंच: गाडी, मोबाइल, कपडे, सौंदर्यप्रसाधनं वापरून परत दिली तर लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. म्हणजे तुम्हाला आलेलं मोठं हॅम्पर इन्कम टॅक्सवाल्याला उत्पन्न म्हणून दिसतं, तुमच्या सीएला दिसतं, कंपनीच्या वहीत जाहिरात खर्च म्हणून दिसतं. फक्त ज्याच्यासाठी ते दाखवलं त्या प्रेक्षकाला ते तुमच्या आवडीचं म्हणून दिसतं.

तिसरं गाऱ्हाणं दुकानदार म्हणून आहे. पाव किलो चटणीच्या पाकिटावर मला काय काय छापावं लागतं माहीत आहे का? घटक पदार्थ, निव्वळ वजन, एमआरपी सर्व करांसहित, पॅकिंगचा महिना, कधीपर्यंत वापरावी, शाकाहारीचा हिरवा ठिपका, फूड लायसन्सचा नंबर, पत्ता, तक्रारीसाठी फोन. शेंगदाण्याची ॲलर्जी असते म्हणून तेही वेगळं. एक गोष्ट राहिली तर तपासणीत नोटीस येऊ शकते. मी छापते, कुरकुर करत छापते. तुम्हाला एक शब्द लिहायचाय.

आणि लेबल म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरगावी ‘सोलापुरी’ म्हणून कुठलाही माल गळ्यात मारतात. कोपऱ्यातलं लेबल बघून आम्ही पाहुण्यांना सांगतो, ही आपली नव्हे. तुमच्या बाबतीत तो कोपराच रिकामा असतो, मग बघायचं काय?

चौथं, न वापरता “मी स्वतः वापरते.” यावर फार लिहीत नाही. वर सांगितलेल्या २०२२च्या तत्त्वांत हेही आहे की शिफारस करणाऱ्याचं मत खरं असलं पाहिजे आणि वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव त्यामागं असला पाहिजे. विसरलेलं पाकीट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, तेवढं पुरे.

औषधांचं मात्र वेगळं काढून सांगते, कारण तिथं नुसती फसगत होऊन थांबत नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानंच बंदी आहे. इन्स्टाग्रामचे संस्थापक जन्मलेही नव्हते तेव्हाचा कायदा आहे हा. ऑगस्ट २०२३मध्ये आरोग्याबद्दल बोलणाऱ्या क्रिएटरांसाठी वेगळे नियम आले: तज्ज्ञ म्हणून बोलायचं तर आपली पात्रता सांगा, नसेल तर हा डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही असं स्पष्ट म्हणा. फसव्या जाहिरातीला प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर वर्षभर, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदी घालू शकतं. ७ मे २०२४ला सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की फसव्या जाहिरातीला नामवंत आणि इन्फ्लुएन्सर कंपनीइतकेच जबाबदार. मी तुम्हाला कायद्याची भीती दाखवत नाही. त्या पोरीला हे कुणी सांगितलं नसेल, अशी माझी खरंच समजूत आहे. ती पंचविशीची असेल. पावडरवाल्यानं स्क्रिप्ट पाठवली असेल आणि तिनं वाचली असेल.

आता तुमची बाजू. रील सोपी नसते, हे मी दोन तास उभी राहून बघितलंय. ऊन गेलं की शूट थांबतं, आवाज नीट आला नाही की परत, रात्रभर एडिटिंग. मराठीतल्यांना हिंदीवाल्यांपेक्षा पैसे कमी मिळतात असं तुम्हीच सांगता, ते खरंच असणार. पैसे घ्या. चांगले घ्या. जाहिरात करणं वाईट असतं तर मी दुकानावर बोर्ड कशाला लावला असता?

तुम्ही म्हणाल, जाहिरात म्हटलं की रीच पडते, म्हणजे रील कमी जणांपर्यंत पोचते, लोक पुढं सरकवतात. सरकवतील काही जण. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला होम मैदानावर गड्डा, म्हणजे आमची जत्रा, भरतो. तिथं दरवर्षी अंगदुखीच्या तेलवाला भोंगा लावून ओरडत असतो. लोक थांबतात, हसतात, वास घेऊन बघतात, काही जण बाटली घेतातही. पण तो आपला मावसभाऊ आहे आणि सहज फिरत फिरत इथं आलाय, असं कुणाला वाटत नाही. घेणारा घासाघीस करतो, कारण समोर विकणारा आहे हे त्याला ठाऊक असतं. सासूबाई त्याच्याकडून दरवर्षी बाटली घेतात. त्यासाठी गोळ्या बंद केल्याचं मात्र मला आठवत नाही.

तर मागणं असं आहे.

पैसे, वस्तू, जेवण, मुक्काम, काहीही घेतलं असेल तर रीलच्या सुरुवातीलाच, देवनागरीत, मोठ्या अक्षरात ‘जाहिरात’ लिहा. आणि तोंडानं म्हणा. “ही जाहिरात आहे” म्हणायला दोन सेकंद लागतात. इन्स्टाग्रामवर पेड पार्टनरशिपचं आणि यूट्यूबवर पेड प्रमोशनचं बटण आहे, तेही दाबा, पण त्यावर थांबू नका.

फुकट आलेली वस्तू असेल तर “ही मला फुकट पाठवली आहे” एवढं वाक्य पुरतं.

जे खाल्लं नाही ते आवडलं म्हणू नका. ज्या घरात मशीन आहे तिथं उखळ मागू नका. मशीन दाखवा की! त्यातून तेल सुटतं ते बघण्यासारखं असतं, खरंच सांगते.

शुगर, बीपी, थायरॉइड, गुडघे, वजन, मूल होणं, यातलं काही बरं करणारी पावडर, तेल, काढा आला तर घेऊच नका. तेवढे पैसे सोडा.

खाली कुणी विचारलं “पेड आहे का?” तर कमेंट उडवू नका. हो म्हणा.

माझ्यासारख्या दुकानदारांनाही सांगते: लेबलशिवाय रील मागणारे आपणच आहोत. मॅनेजर ‘ऑरगॅनिक ठेवू’ म्हणतो कारण आधीच्या दहा गिऱ्हाइकांनी त्याला तेच सांगितलेलं असतं. करार करताना एक ओळ आपण घालायची, की जाहिरात असं मराठीत लिहिलं तरच बाकीची रक्कम.

आणि प्राधिकरणातल्या साहेबांपैकी कुणी वाचत असतील तर त्यांनाही एक. भाषेची अट तुमच्याच खात्याच्या कागदात आहे. मराठी रीलवर रोमन हॅशटॅग चालवून घेऊ नका. जाहिरात मानक परिषदेनं तर २०२१मध्येच सेकंदांचा हिशोब दिलाय: पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल निदान तीन सेकंद, त्यापुढं दोन मिनिटांच्या आतल्याला एक तृतीयांश वेळ. ती परिषद जाहिरात धंद्याची स्वतःची संस्था आहे, सरकारी नाही, म्हणून तिचं कुणी मनावर घेत नसेल. तुमचं घेतील. आम्हा प्रेक्षकांना १९१५ हा ग्राहकांच्या तक्रारींचा फोन नंबर आहे, मी तो काउंटरवर चिकटवलाय.

त्याच्या शेजारी आणखी एक कागद चिकटवलाय, त्याबद्दल सांगते आणि थांबते. परवा त्या जुन्या रीलखाली मी माझ्या नावानं कमेंट टाकली: “ही जाहिरात होती. पैसे मी दिले होते. उखळ नणंदेचं आहे, चटणी कांडप मशीनवर होते.” संध्याकाळपर्यंत कमेंट गेली होती. पोराचा फोन आला, रागावला नव्हता, कसनुसा झाला होता. “काकू, खूप जुनी रील आहे ती, कशाला?” मी म्हटलं, तू लिही मग. बघतो म्हणाला.

म्हणून तीच ओळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दुकानात लावली. सासूबाईंनी वाचली. म्हणाल्या, इरकलही माझं नव्हे, थोरल्या जाऊबाईंचं होतं, तेही लिही.

लिहिलं.

आपली,
शेंगा चटणीवाली, सोलापूर